बाबा, ते अपडेट आज होऊ द्या

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

कॉम्प्युटरचं विंडोज अपडेट करा म्हटलं, तर फोनवर बाबांनी विषय एका वाक्यात मिटवला: "मी अनोळखी लिंकला हातच लावत नाही, मला कसली भीती?" फोनवर त्यांच्यापुढे माझं काही चालत नाही, म्हणून लिहितेय.

बाबा, लिंकच्या बाबतीत तुम्ही माझ्यापेक्षा सावध आहात, मान्य. पण सॉफ्टवेअरमधली काही भोकं, म्हणजे बनवताना राहून गेलेल्या चुका, अशी असतात की तुम्हाला काहीच करावं लागत नाही. कॉम्प्युटर चालू आणि नेटवर्कला जोडलेला असला की झालं. बाहेरून मुद्दाम वेडावाकडा रचलेला डेटा येतो. ऑपरेटिंग सिस्टीम त्याची लांबी मोजायला चुकते आणि तो ठरलेल्या मेमरीबाहेर सांडतो. त्यातच हल्लेखोराचा प्रोग्राम दडलेला असतो, आणि मशीन तो आपलाच समजून चालवतं. याला रिमोट कोड एक्झिक्यूशन म्हणतात. तुमचा तो लांबलचक पासवर्ड इथे कोणी विचारतच नाही.

विंडोजमध्ये नेटवर्कवर फाइल्स शेअर करणारा एसएमबी नावाचा भाग आहे, त्यात असंच भोक होतं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला ते बुजवणारं अपडेट, म्हणजे पॅच, दिला. एप्रिलमध्ये त्याच भोकातून शिरायचं तयार हत्यार, 'इटर्नलब्लू', इंटरनेटवर उघड झालं. १२ मेला 'वॉनाक्राय' नावाचा खंडणी मागणारा प्रोग्राम सुटला आणि एका मशीनमधून दुसऱ्यात आपला आपण शिरत गेला. फाइल्स कुलूपबंद, सोडवायच्या तर ३०० डॉलरचे बिटकॉइन. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत ऑपरेशनं रद्द करावी लागली. पॅच येऊन तेव्हा दोन महिने होत आले होते!

"आधी बाकीच्यांना करू दे" हे तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. २०२१ मध्ये प्रिंटिंगच्या भागातलं असंच भोक बुजवताना काहींचे प्रिंटर अडले होते. दोन-चार दिवस थांबा हवं तर. पण महिनोन् महिने नको. पॅच आला की हल्लेखोर जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते शोधतात. म्हणजे भोक कुठे आहे, हे त्यांना पॅचच सांगतो.

आई, हे काम तूच कर, बाबा 'नंतर आठवण करा'वर क्लिक करतील. बंद करताना 'अपडेट अँड रीस्टार्ट' दिसलं की तेच दाब. स्क्रीनवर टक्के बराच वेळ एकाच आकड्यावर अडून बसतात, तेव्हा घाबरून बटण दाबून बंद करू नकोस. आणि "तुमच्या कॉम्प्युटरचं अपडेट करायचंय" म्हणून कोणाचा फोन आला तर सरळ ठेवून दे. अपडेट फोन करून येत नाही.

फोटोंची एक प्रत पेनड्राइव्हवर घे, आणि काम झालं की तो काढून ठेव. लावलेलाच राहिला आणि वॉनाक्रायसारखं काही शिरलं, तर त्यातल्या फाइल्सही कुलूपबंद होतात.

तुमची,
लेक