गेटवरचा पोवाडा

प्रिय सुध्या, जय भीम.

तुझ्या पत्राचं उत्तर राहिलंच. पण आज लिहितोय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगावंसं वाटत नाही म्हणून. बाकीचे ‘वय झालं’ म्हणून मोकळे होतील. १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, मराठवाडा विद्यापीठाच्या गेटवर आबा पोवाड्यात अडकले.

सगळं नेहमीसारखंच. गेटला हार, डोकं टेकणाऱ्या बाया, पुस्तकांचे स्टॉल, एकाला एक लागून पक्षांची स्टेजं. आपला नंबर आला रात्री उशिरा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा जुलै १९७८ चा ठराव, मग पेटलेले वाडे-वस्त्या, इथवर आबांचा आवाज खणखणीत. त्या दंगलीत मारल्या गेलेल्या पोचिराम कांबळेंच्या कडव्यानंतर शहिदांची नावं सुरू होतात ना, तिथे डफ थांबला. मी झीलची साथीची ओळ पुन्हापुन्हा फिरवली. आबा गप्प. शेजारी डीजे दणाणतोय. पुढच्या पोरांनी मोबाईल वर धरलेले, पण ओठ कुणाचेच हलेनात. शेवटी नांदेडकडची एक म्हातारी उठून ओरडली, “गौतम वाघमारे!” आबांनी तिथून उचललं. पण ते तर १९९३ चं, त्यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं तिथलं कडवं. मधली सगळी नावं गेली रे.

तू म्हणायचास, नावांनी ठेका पडतो, गाळून टाका. परभणीला यावरून मी ताटावरून उठलो होतो (आणि माझी भजी तू संपवलीस, ते लक्षात आहे). मी अजून तेच म्हणेन. १९९४ ला कमानीवर बाबासाहेबांचं नाव लागलं. ज्यांच्या जिवावर लागलं, त्यांची नावं त्या कमानीखाली लोकांच्या तोंडून निघाली पाहिजेत, आपल्या एकट्याच्या नव्हे. पूर्वी झील आपण धरायचो आणि अख्खा रस्ता म्हणायचा. आता शूटिंग करतात. त्यांना दोष देत नाही, त्यांना झील धरायला आपण शिकवलंच कुठे?

वस्तीतल्या दोन पोरी येतात शिकायला. एकीची पट्टी आबांच्याही वर जाते. त्यांना हे रॅपमध्ये करायचंय. करू देत. नाव एकही गाळायचं नाही, एवढंच सांगितलंय.

तुझी बदली थांबली का? वहिनींची पाठ? धाकट्याची दहावी यंदाच ना? माझी साखर आटोक्यात आहे.

ते निळं रजिस्टर तुझ्याकडेच असेल. नावांची पानं तूच उतरवली होतीस, कापायची म्हणून पेन्सिलीने खुणा करून. त्या सगळ्या पानांचे फोटो पाठव. १४ एप्रिलच्या आत पोरींचं पाठ व्हायला हवं, आणि आबांना आत्ता विचारवत नाही.

तुझा,
दिल्या