वेबसाइट सावकाश उघडते. महाग प्लॅन नको, दुरुस्ती हवी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

फोंड्यातल्या आमच्या घरगुती दुकानाची वेबसाइट तुमच्या कंपनीने बनवली आणि ती तुमच्याच सर्व्हरवर चालते. काजू, आमसुलं, फणसाचे पापड आम्ही तिच्यावरून विकतो. घेणारे बहुतेक मुंबई-पुण्याचे गोवेकर, तेही मोबाइलवरून. पान उघडेना की ते फोन करून विचारतात, "साइट बंद आहे का?" फोन न करणारे दुसरीकडून घेऊन मोकळे होतात.

तक्रार केल्यावर तुमच्या माणसाने आधी आमच्या नेटवर्कला दोष दिला आणि मग प्रीमियम प्लॅन घ्या म्हणाला. पावसात इकडे नेटवर्कचे हाल होतात, हे खरं. पण ठाण्यात वायफायवर बसलेल्या गिऱ्हाइकालाही तोच त्रास होतो, त्याचं काय?

शेवटी मी पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग तपासणाऱ्या साइटवर आमच्या वेबसाइटचा पत्ता टाकला. पानावरचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. आमच्या पानाला मोबाइलवर ११ सेकंद लागतात. सगळ्यात वर काजूचा मोठा फोटो आहे, तो तुम्ही पीएनजी या फोटोंना जड पडणाऱ्या फाइल-प्रकारात ठेवलाय, ४००० पिक्सेल रुंद! तळहाताएवढ्या फोनवर तो बोटभर दिसतो, पण उतरतो पूर्ण वजनाचा. वेबपी या हलक्या प्रकारात, मोबाइलच्या मापाने दिला असता तर कितीतरी हलका झाला असता. त्यावर कहर म्हणजे त्याच फोटोला लेझी लोडिंग, म्हणजे गरज पडेपर्यंत फोटो न उतरवण्याची सोय, लावलंय. ते खाली सरकल्यावर दिसणाऱ्या फोटोंसाठी असतं. पहिल्याच फोटोला लावलं की तो उलट उशिरा येतो. फोटोंची लांबी-रुंदी कोडमध्ये दिलेली नाही, त्यामुळे पान मध्येच उड्या मारतं आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. कॅशिंग, म्हणजे एकदा उतरवलेले फोटो फोनमध्येच साठवून ठेवणं, बंद आहे, म्हणून रोजच्या गिऱ्हाइकालाही तेच फोटो पुन्हा उतरवावे लागतात. चॅटची खिडकी आम्ही मागितलीच नव्हती, तिची स्क्रिप्ट, म्हणजे ती चालवणारा कोड, मात्र प्रत्येक पानावर धावते.

यातलं काय प्रीमियम प्लॅनने सुटणार आहे? तिथे जागा जास्त मिळेल, फोटोचं वजन तेवढंच राहील. या चुका बांधणीतल्या आहेत, आणि बांधणीचे पैसे आम्ही पूर्ण भरलेत. दुकानावर आमचं घर चालतं, म्हणून हे इतकं लिहावं लागतंय.

वरच्या सगळ्या गोष्टी जादा पैसे न घेता दुरुस्त करा. सर्व्हर परदेशात असेल तर मुंबईत केंद्र असलेलं सीडीएन, म्हणजे फायलींच्या प्रती गिऱ्हाइकाच्या जवळून पुरवणारं सर्व्हरांचं जाळं, जोडून द्या. काम झाल्यावर मोबाइल चाचणीचा नवा अहवाल लेखी पाठवा. गणेश चवथीच्या ऑर्डर सुरू व्हायच्या आधी हे झालं पाहिजे; नाहीतर उरलेल्या मुदतीचे पैसे परत द्या आणि साइटच्या सर्व फायली आमच्या ताब्यात द्या. दोन्ही झालं नाही तर मी ग्राहक आयोगाकडे जाईन.

चाचणीचा अहवाल सोबत जोडला आहे.

आपली ग्राहक,
फोंडा, गोवा