तिघांना एकच आजार, सल्ले मात्र तीन

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आमच्या घरात मामंजी, मी आणि माझा मुलगा, तिघांच्याही सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, आलं. तुम्ही मात्र एकच छापील कागद तिघांच्या हातात ठेवला नाहीत. प्रत्येकाचं वय बघून वेगळं सांगितलंत. त्याबद्दलचे आभार चारचौघांत मानावेसे वाटले, कारण अशी घरं सांगलीत आमच्यासारखी पुष्कळ असणार.

मामंजी ७१ वर्षांचे. रिपोर्ट हाती आल्यापासून त्यांनी दूध, अंडी सगळं सोडलं होतं. रात्री नुसती पेज. वजन उतरतंय म्हणून सगळे खूश होते. तुम्ही त्यांना हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलंत आणि त्यांना उठता येईना. “आजोबा, चरबीपेक्षा तुमचे स्नायू झिजतायत,” असं तुम्ही म्हणालात. या वयात स्नायू गेले तर यकृताचंही नुकसानच, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आता दोन्ही वेळच्या जेवणात मटकीची उसळ, डाळ, अंडं किंवा दही असतं, चालण्याबरोबर खुर्चीतली उठबस असते.

यकृत किती निबर झालंय याचा अंदाज देणारा त्यांचा फिब-४ चा आकडा १.७ आला तेव्हा आम्ही घाबरलो होतो. वय, एसजीओटी आणि एसजीपीटी ही रक्तात मोजली जाणारी यकृताची एन्झाइम्स आणि प्लेटलेट यांवरून तो काढतात, त्यामुळे वयाबरोबर तो आपोआप वाढतो, एरवी १.३ ची मर्यादा धरतात, पासष्टीनंतर २ ची, हे तुम्ही कागदावर गणित मांडून दाखवलंत. त्या रात्री मामंजी शांत झोपले. गुळवेलाचा काढाही तुम्ही थांबवलात. कोविडच्या काळात तो घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली होती, हे तुमच्याकडूनच कळलं.

माझं एसजीपीटी नॉर्मल होतं. तरी तुम्ही टेप घेऊन कंबर मोजलीत, बायकांसाठीच्या ८० सेंटिमीटरच्या मर्यादेच्या बरीच पुढे. पाळी थांबत आली की इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटतं आणि चरबी पोटाकडे, यकृताकडे वळते, हे समजावलंत. माझं वजन ७२ किलो. त्यातलं ५ टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी कमी होऊ लागते, ७ ते १० टक्के उतरलं तर सूजही ओसरू शकते; पण घाईने नको, आठवड्याला अर्धा किलो पुरे. एवढं नेमकं उद्दिष्ट मिळालं की माणूस कामाला लागतो.

आणि मुलगा! बारा वर्षांच्या पोरासमोर तुम्ही ‘जाड’ हा शब्द एकदाही उच्चारला नाहीत, याचं मोल मला आई म्हणून फार वाटतं. त्याला उपाशी ठेवायचं नाही, उंची वाढेल तसं वजन आहे तिथे राहिलं तरी चालेल, आणि रोज तासभर मैदानात खेळायचं. कोल्ड्रिंक आणि पॅकबंद ज्यूस मात्र साऱ्या घरानेच बंद करायचे, एकट्या त्याने नाही.

एक विनंती आहे. आमच्या भिशीतल्या बायकांशी या विषयावर एकदा बोलाल का? निम्म्याजणींच्या घरी हाच रिपोर्ट पडून आहे. दिवस आणि वेळ तुम्ही सांगा, जागेची सोय मी करते.

आपली कृतज्ञ,
मामंजींची सून