‘गाईड कशाला?’ – मंजूस पत्र

प्रिय मंजू,

तुझं पत्र मिळालं. पहिल्याच परिच्छेदात तू मला फैलावर घेतलंस. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्या बाईने नेपाळात जाऊन बरोबर माणूस घ्यावा, वर त्याचे रोजचे पैसे मोजावेत, म्हणजे हात धरून फिरवून आणलेला ट्रेक, असं तुझं म्हणणं. नियमाचं उत्तर एका ओळीत संपतं: 2023 च्या एप्रिलपासून तिथल्या बहुतेक ट्रेकना परदेशी माणसाला परवानाधारक गाईड घेणं सक्तीचं आहे. पण नियम नसता तरी मी गाईड घेतला असता. का, ते सांगायला जरा ऐसपैस लिहावं लागेल, तेव्हा चहा घेऊनच बस.

आम्ही गेलो ते काठमांडूच्या उत्तरेला, रसुवा जिल्ह्यात. अंतर म्हणशील तर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पण अख्खा दिवस जातो. त्रिशूली नदीच्या कडेकडेने रस्ता, जागोजागी दरड कोसळलेली, आणि ड्रायव्हर एका हाताने फोनवर बोलतोय. धुंचेला लांगटांग राष्ट्रीय उद्यानाची चौकी लागते, तिथे सैनिक सॅक उघडून बघतात. हे उद्यान 1976 चं. धुंचेच्या वर 4,380 मीटरवर गोसाईकुंड आहे. हलाहल प्यायल्यावर घशाची आग शमवायला शंकराने त्रिशूळ मारून पाणी काढलं ते तिथे, म्हणून खालची नदी त्रिशूली. श्रावणी पौर्णिमेला, म्हणजे आपण समुद्राला नारळ वाहतो त्याच दिवशी, तिथे जत्रा भरते, आणि भाविकांबरोबर ढोल वाजवत झांक्रीही चढतात. झांक्री म्हणजे अंगात येणारे भगत. इथली वस्ती बहुतेक तामांगांची, धर्माने बौद्ध. ते त्यांना बोम्बो म्हणतात. घरात लामा पोथी वाचतो आणि आजारपणात बोम्बो बोलावतात, दोघांचं एकमेकांवाचून अडतं. बौद्ध म्हटल्यावर तू काहीतरी शांत, धुतलेलं डोळ्यांसमोर आणशील, म्हणून आधीच सांगते.

ट्रेक सुरू होतो स्याफ्रुबेंसीहून. उंची दीड हजार मीटरच्या आसपास. कळसूबाई 1,646. म्हणजे आपण जिथे माथ्यावर पोचून फोटो काढतो, जवळजवळ तिथून ही माणसं चढायला लागतात.

बहुतेक लोक इथून थेट लांगटांगच्या खोऱ्यात घुसतात, कारण बर्फ तिकडे. आमच्या गाईडने आधी पश्चिमेकडच्या गावांत नेलं: गतलांग, तातोपानी, नागथली, थुमन, मग भोटेकोशी नदी ओलांडून ब्रिदिम. दाई (तिथे थोरल्या भावाला दाई म्हणतात, तो आम्हाला दिदी म्हणायचा, वयाने आम्हीच मोठ्या) त्याच भागातला, तामांग. आणि इथेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. वाट काही त्याच्यावाचून चुकली नसती. गतलांगपर्यंत तर आता जीपचा रस्ता आहे, खाली चिलिमेचा 22 मेगावॉटचा वीजप्रकल्प झालाय आणि रसुव्यातल्या लोकांकडे त्याचे शेअरही आहेत. वाट सापडते गं. दार सापडत नाही.

गतलांग म्हणजे उतारावर एकमेकांना खेटून ओळीने उभी असलेली दगडी घरं. खाली गुरं, वर माणसं, खिडक्यांना कोरीव लाकूड. पूर्वी सगळी छपरं लाकडी फळ्यांची, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेले. 2015 च्या भूकंपात गाव फार पडलं. आता बऱ्याच घरांवर पत्रा आहे, निळा नाहीतर चंदेरी. फोटो काढणाऱ्यांना तो खुपतो. मला नाही खुपला. पावसाळ्यात गळत नाही हे ज्याला राहायचंय त्याला विचारावं.

ज्या घरी उतरलो तिथल्या आमाने (आमा म्हणजे आई) चुलीवर ढिंडो घोटला. कोदोचं पीठ, म्हणजे आपली नाचणी, उकळत्या पाण्यात थोडं थोडं सोडत लाकडी दांडक्याने दोन्ही हातांनी घोटायचं, कढई पायाच्या अंगठ्याने दाबून धरायची. चुलीवर बांबूची मांडवी टांगलेली, तिच्यावर मक्याची कणसं आणि मांसाच्या पट्ट्या धुरात काळ्या होत होत्या. ढिंडोचा घास चावायचा नाही, गुंद्रुकच्या, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीच्या, आंबट रश्शात बुडवून गिळायचा. बरोबर टिमूरची चटणी: लाल मिरची, लसूण, मीठ आणि टिमूर, पाट्यावर रगडलेली. पहिला घास तोंडात गेला आणि मी थेट मालवणात. बांगड्याच्या तिकल्यात तिरफळ टाकल्यावर जो वास उठतो ना, अगदी तो! टिमूर आणि तिरफळ सख्खी चुलत भावंडंच, एकाच कुळातली. फक्त टिमूरने जीभ बधिर होते, ओठांना मुंग्या येतात. मी तोंड वाकडं करत दुसऱ्यांदा मागितली तेव्हा आमा माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघायला लागली.

मग चौकशा सुरू झाल्या. मुलं किती, सासू आहे का, तू इकडे आलीस तर घरी कोण रांधतंय. आमाला नेपाळी कामापुरतं यायचं, मनातलं सगळं तामांगमध्ये, आणि दाई मध्ये बसून दोन्हीकडचं हिंदीत करत होता. बोलता बोलता कळलं की आमा दाईच्या बायकोची मावशी लागते, आणि दाईची बायको त्याच्या मामाचीच मुलगी. तामांगांत मामे-आते भावंडांची लग्नं हीच रीत, सासऱ्याला मामा म्हणायचं ते खरोखरचा मामा म्हणूनच. मी म्हटलं, आमच्याकडेही मामाची मुलगी हक्काची समजतात, माझ्या आजीचं लग्न तसंच झालेलं. दाईने ते आमाला सांगितलं. आमाने दांडकं खाली ठेवलं, माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि शेजारणीला हाक मारून बोलावलं. पुढचा तासभर आमची आजी, तिचा नवरा, आते-मामे सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. तीन बायका, दोन शेजारणी आणि बिचारा दाई मध्ये दमून गेलेला. सांग, हे कुठल्या नकाशात सापडलं असतं?

तो सगळंच भाषांतरित करायचा नाही, हेही माझ्या लक्षात आलं. एकदा एका म्हाताऱ्याने आमच्याकडे बघत बरंच काही म्हटलं, बाकीचे हसले, दाई म्हणाला, “काही नाही, हवामानाचं.” मी सोडून दिलं. आपणही गडावर आलेल्या पुण्या-मुंबईच्या पोरांबद्दल गावकरी काय बोलतात ते त्यांना कुठे सांगतो?

एक गोष्ट मात्र मला जमली नाही. एका गावात संध्याकाळी पाहुण्यांसाठी नाच ठेवला होता. बायका दिवसभर शेतातून दमून आलेल्या, त्यांनी पुन्हा लोकरीचे पोशाख आणि गोल टोप्या चढवल्या, डम्फू वाजायला लागला. डम्फू म्हणजे एका बाजूने कातडं मढवलेला डफ, कडेने बांबूच्या खुंट्या. त्या बत्तीस असतात, बुद्धाची बत्तीस लक्षणं, असं सांगतात. त्याच्यावर जी गाणी म्हणतात ती सेलो. गाणं गोड, पण मी अवघडून बसले होते. पैसे देऊन कोणाला तरी नाचायला लावलंय असं वाटत राहिलं. रात्री दाईला तसं म्हटलं. तो जरा तडकलाच. म्हणाला, दिदी, आमच्या पूर्वजांना दरबारासाठी फुकट ओझी वाहायला लावलं, 1854 च्या मुलुकी ऐनात, म्हणजे नेपाळच्या कायद्याच्या संहितेत, आम्हाला गुलाम करता येणाऱ्या जातींत घातलं. आता आमच्या बायका आपल्याच अंगणात आपलंच गाणं म्हणतात आणि त्याचे पैसे त्यांच्या आमा समूहात, म्हणजे बायकांच्या गटात, जमा होतात, तर तुम्हाला वाईट कशाचं वाटतं? मला पटलं, अर्धं. अवघडलेपण काही गेलं नाही. तू गेलीस की तुझं मत सांग.

गावांत तरुण पुरुष फार दिसत नाहीत. कतार, दुबई, मलेशिया, कोरिया. प्रत्येक घरात विमानतळावर हार घातलेल्या मुलाचा एक फोटो. आपल्या कोकणातल्या घरांसारखं मी म्हणणार होते, पण आपल्याकडचा चाकरमानी गणपतीला तरी येतो.

तातोपानीला गरम पाण्याची कुंडं होती, त्यावरूनच गावाचं नाव. दुखरे सांधे घेऊन लांबून लोक यायचे. भूकंपानंतर ते पाणी आटलं. कुंडं तशीच कोरडी आहेत, आणि भोवतीची लॉजंही कशीबशी उभी आहेत. नागथलीहून मात्र पहाटे एकीकडे गणेश हिमाल, एकीकडे लांगटांग लिरुंग आणि समोर तिबेटातल्या केरुंगकडच्या रांगा. त्याचं वर्णन करत नाही, फोटो पाठवलेत. याच केरुंगच्या वाटेने पूर्वी मीठ आणि लोकर खाली यायची, धान्य वर जायचं. आता तिथून चिनी मालाचे ट्रक येतात, किंवा यायचे: 2025 च्या जुलैत भोटेकोशीला पूर आला आणि सीमेवरचा मैत्री पूलच वाहून गेला.

ब्रिदिमला घरांची पाळी लावलेली असते, कुठला पाहुणा कोणाच्या घरी जायचा ते गाव ठरवतं. मला ही पद्धत फार आवडली, कारण रस्त्यावर उभं राहून कोणी ओढाओढ करत नाही.

आता लांगटांग. इथे मी सावकाश लिहिते. 25 एप्रिल 2015, दुपारी बाराला चार मिनिटं कमी. भूकंप झाला आणि लिरुंगच्या अंगावरचं बर्फ, हिमनदीचा तुकडा, खडक, सगळं मिळून लांगटांग गावावर आलं. स्थानिक आणि ट्रेकर धरून तीनशेहून जास्त माणसं गेली. जी हवा पुढे ढकलली गेली तिने नदीपलीकडच्या उतारावरची झाडंसुद्धा आडवी केली. एका कड्याच्या पोटाशी असलेलं एक घर तेवढं वाचलं. आजही वाट त्या दरडीवरूनच जाते. दगडांचा राडारोडा, मध्येच एखादी लोखंडी सळई. दाईने तिथे बोलणं बंद केलं आणि आम्हीही केलं. पुढे स्मारकावर घराघराने नावं आहेत. एकाच आडनावाच्या ओळी वाचत गेलं की कोणाचं कुटुंबच्या कुटुंब गेलं ते कळतं. वाचलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने काठमांडूला नेलं, ते कितीतरी महिने तिथल्या स्वयंभू स्तूपाजवळच्या एका गुंबात, म्हणजे बौद्ध मठात, छावणीत राहिले, आणि मग परत आले. जवळच नवं गाव बांधलं. ज्या लॉजमध्ये जेवलो तिथली बाई हिशेब करताना सहज म्हणाली, “आधीचं आमचं हॉटेल तिथे खाली होतं.” बोटाने दाखवलं ते दगडांकडे. आणि विचारलं, चहा साखरेचा की बिनसाखरेचा.

वाटेत लांबलचक मणी भिंती लागतात, ‘ॐ मणि पद्मे हुं’ कोरलेल्या शिळांच्या. त्या कायम उजव्या हाताला ठेवून जायचं, प्रदक्षिणेसारखं. त्या दिवशी एक घोळका शॉर्टकट म्हणून उलट्या बाजूने गेला. दाई त्यांना काही बोलला नाही, स्वतः मात्र लांबून वळसा घालून गेला.

क्यांजिन गोम्पा 3,870 मीटरवर. इथे 1950 च्या दशकात स्वित्झर्लंडच्या मदतीने सुरू झालेला चीजचा कारखाना आहे. याकच्या दुधाचं चीज म्हणून विकतात. याक नर असतो, दूध मादीचं, नाहीतर चौंरीचं, म्हणजे याक आणि गाईच्या संकराचं, हे दाईने प्रत्येक पर्यटकाला हसत हसत सांगायचं व्रत घेतलेलं. चीज कडक, खारट, पोळीत गुंडाळून फर्मास. तिथे आमच्यातल्या एकीला उंची लागली, डोकं दुखायला लागलं, जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी 4,984 मीटरच्या चेर्को री शिखरावर जायचं ठरलेलं. ती म्हणे गोळी घेऊन येते. दाईने साफ नकार दिला, आणि पोर्टरबरोबर तिला खाली घोडातबेलापर्यंत उतरवलं. ती चिडली, रडली, आणि खाली पोचल्यावर दोन ताटं दालभात जेवली. आपल्या ग्रुपमधल्या कोणी तिला अडवलं असतं? आपण तिची सॅक उचलून “चल गं, होईल” म्हटलं असतं.

दाईतही खोडी आहेत. ठरावीक लॉजमध्येच न्यायचा. तिथे गाईडला जेवण-झोपणं फुकट किंवा स्वस्त असतं, सगळेच तसं करतात. मला त्याचं काही वाटलं नाही, पण तुला वाटेल, म्हणून लिहिलं.

आता कामाचं. व्हिसा लागत नाही, पण विमानाने गेलीस तर पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र हवं, आधार चालत नाही. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशेसाठ, हा दर कायमचा बांधलेला आहे. उद्यानाच्या फीमध्ये सार्क देशांना सवलत आहे, ती मागून घे. चैत्रात गुरांसची (ऱ्होडोडेंड्रॉनची) लाल फुलं आहेत पण दुपारी धूसर होतं. डोंगर स्वच्छ हवे असतील तर दसऱ्यानंतर जा. गाईड काठमांडूतला घेऊ नकोस, रसुव्यातला तामांगच माग, भले इंग्रजी कमी येत असो. आणि गतलांगला एक नव्हे दोन रात्री राहा, पहिली रात्र नुसती ओळखीत जाते.

दाईचा नंबर फोनवर देते. तू मालवणची आहेस हे त्याला आधी सांग, आणि जाताना आमासाठी वाटीभर वाळलेली तिरफळं घेऊन जा. मी तिला कबूल केलंय.

काकूंना नमस्कार सांग. गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर ते लिहिलं नाहीस.

तुझी,
शैला