घरपट्टी कशी निघाली ते आम्हाला दाखवा : ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : ग्रामपंचायत घरपट्टीच्या आकारणीचा पूर्ण हिशेब प्रत्येक मिळकतदाराला मिळण्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार.

माझे झेरॉक्सचे दुकान ग्रामपंचायतीच्या समोर आहे. नमुना ८ चा, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीचा, उतारा घेऊन माणूस बाहेर पडला की रस्ता ओलांडून माझ्याकडेच येतो. घरकुलाच्या फायलीला तो लागतो, विजेच्या मीटरला लागतो, बचत गटाच्या ताईंना बँकेत लागतो. कागद काचेवर ठेवताना त्यावरून नजर फिरतेच, आणि इतक्या वर्षांत इतके उतारे नजरेखालून गेल्यावर एक गोष्ट पक्की झाली आहे. घरपट्टी भरायला गावाची ना नाही. पण ती एवढीच का आली, हे घरमालकाला कोणी सांगत नाही, आणि उताऱ्यावर जे लिहिले आहे ते त्याच्या घराशी जुळते का, हे कोणी बघत नाही. आपल्याला लिहायचे आहे ते एवढ्याचसाठी.

पूर्वी घरपट्टी चौरस फुटावर बसायची. ती पद्धत उच्च न्यायालयात टिकली नाही, म्हणून शासनाने ३१ डिसेंबर २०१५ रोजी कर व फी नियमांत सुधारणा करून भांडवली मूल्यावर आकारणी आणली. कल्पना चांगली आहे, मला ती न्यायाची वाटते. जागेचे क्षेत्रफळ गुणिले रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाजारभावाचा, दर; त्यात मिळवायचे बांधकामाचे क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा, म्हणजे घर जुने होईल तशी मूल्यात धरायची घट; आणि या सगळ्याला वापराचा भारांक, म्हणजे वापराप्रमाणे ठरणारा गुणक. राहते घर असेल तर भारांक कमी, दुकान किंवा कारखाना असेल तर जास्त. जे मूल्य निघेल त्याच्या दर हजार रुपयांमागे ग्रामपंचायतीने ठरवलेला कर. मातीच्या घराला दर कमी, स्लॅबच्या घराला जास्त. म्हणजे गरिबाच्या जुन्या घराला कमी आणि नव्या बंगल्याला जास्त पट्टी लागावी, हे या सूत्रातच आहे.

पण सूत्र चालते ते रकान्यांवर. बांधकामाचा प्रकार, बांधकामाचे वर्ष, क्षेत्रफळ, वापर हे चार रकाने बरोबर भरले तरच निघालेला आकडा बरोबर.

आमच्या मागच्या आळीतल्या एका आजोबांचा उतारा सांगते. घर धाब्याचे, पांढऱ्या मातीच्या भिंतींचे, पुढच्या पडवीवर पत्रा. आजोबा म्हणतात, बहात्तरच्या दुष्काळाआधी वडिलांनी बांधलेले. उताऱ्यावर मिळकतीचे वर्णन मात्र 'आर.सी.सी. इमारत'. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. घरामागे अनुदानातून बांधलेल्या शौचालयावर स्लॅब आहे, आणि त्या एका स्लॅबने अख्खे घर आर.सी.सी. झाले. बांधकामाच्या वर्षाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. वर्षच नाही म्हटल्यावर घसारा कुठून धरणार? पन्नास वर्षांहून जुन्या मातीच्या घराला कालपरवाच्या स्लॅबच्या घराचा दर लागला. रक्कम ऐकायला मोठी नाही, काहीशे रुपयेच आहे. पण त्या आजोबांचा महिना निराधार योजनेच्या पैशावर निघतो.

घसाऱ्याने काय फरक पडतो, ते समजण्यापुरते आकडे धरून मांडते. पन्नास चौरस मीटरचे घर, बांधकामाचा दर चौरस मीटरला १०,००० रुपये. घर नवे धरले तर बांधकामाचे मूल्य ५ लाख. जुने म्हणून निम्मा घसारा दिला तर अडीच लाख. हजाराला एक रुपया कर धरला तर एकीकडे ५०० रुपये, दुसरीकडे २५०. घर तेच, भिंती त्याच. एका रकान्यात वर्ष लिहायचे राहिले, एवढाच फरक.

उलटेही होते, आणि ते मला जास्त सलते. हमरस्त्याला लागून दोन मजली घर, खाली तीन गाळे भाड्याने दिलेले, आणि उताऱ्यावर 'दगड-विटांचे घर, निवासी'. असा कागद झेरॉक्सला आला की मी गप्प बसते, कारण दुकान चालवायचे असते. पण गावाला हे माहीत असते. गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत असते की अमक्याची पट्टी कमी का आहे. मग 'आम्हीच का भरायची' हा प्रश्न येतो आणि थकबाकी वाढते.

महोदय, थकबाकीची चर्चा झाली की गावकऱ्याला कर चुकवणारा म्हटले जाते. मी रोज जे बघते ते वेगळे आहे. बिल वेळेवर येत नाही. नमुना ९ क मधले मागणीचे बिल वर्षाच्या सुरुवातीला घरोघर पोहोचायला हवे. प्रत्यक्षात मार्चअखेर जवळ आली की रिक्षावर भोंगा फिरतो आणि शिपाई याद्या घेऊन दारात उभा राहतो. तोवर घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, सामान्य पाणीपट्टी, विशेष पाणीपट्टी आणि मागची बाकी असे सगळे एकत्र होऊन एकच आकडा झालेला असतो. त्यात काय कशाचे, ते विचारले तर शिपाई म्हणतो, 'ऑफिसात या.' त्या शिपायाला मी दोष देत नाही. त्याच्या वेतनाचे अनुदान वसुलीच्या टक्केवारीशी शासनानेच जोडले, आणि ती अट काढा म्हणून कर्मचाऱ्यांच्या संघटना वर्षानुवर्षे मागणी करत आहेत. आकारणी चुकीची असली तरी ती वसूल केल्याशिवाय त्याच्या घरी पगार पोहोचत नाही, अशा जागी आपण त्याला उभे केले आहे.

बिल रीतसर बजावणे किती महत्त्वाचे आहे, हे आपल्याच कायद्याला चांगले ठाऊक आहे. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १४ प्रमाणे सदस्याने मागणीचे बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर त्याचे पद जाते. अशी प्रकरणे जिल्हाधिकाऱ्यांपुढे आणि उच्च न्यायालयात जातात तेव्हा वाद याच मुद्द्यावर होतो : बिल खरोखर हातात दिले होते का, पोच आहे का, तारीख कोणती. सदस्याचे पद वाचवायला किंवा घालवायला पोच लागते. मग ज्याच्या घरावर जप्तीची नोटीस येऊ शकते, त्या साध्या घरमालकाच्या बिलाची पोच कुठे आहे?

वसुलीचा मार्ग म्हणून सर्रास जे चालते तेही लिहिते. दाखला मागायला आलेल्याला सांगतात, आधी बाकी भरा. बाळाच्या जन्माचा दाखला, शाळेसाठी रहिवासी दाखला, काहीही असो. येणे बाकी नसल्याचा दाखला मागितला तर बाकी बघणे समजू शकते. पण जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि त्यात घरपट्टीचा संबंध कुठेच येत नाही. बाळंतीण लेक माहेरी आलेली, दाखला लागणार जावयाच्या गावी, आणि अडवणूक आजोबांच्या बाकीवरून, असे माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून रडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. कर वसूल करायचा तर त्यासाठी कलम १२९ आहे : बिल, मुदत, मागणीचा लेख म्हणजे बाकी भरण्याची लेखी नोटीस, मग पुढची कारवाई. तो रस्ता लांबचा असेल, पण कायद्याचा आहे.

आता नावांविषयी. पुष्कळ घरांच्या उताऱ्यावर अजून पणजोबांचे नाव आहे. भावकी पुण्या-मुंबईत, घराला कुलूप, वारसनोंद मासिक सभेत ठराव होऊन लागायची ती अर्ज गहाळ झाला म्हणून राहिलेली. घर पती-पत्नी दोघांच्या नावावर लावा, असे शासनाने २००३ मध्येच सांगितले. तरी आजही एखादी बाई उतारा घेऊन येते तेव्हा तिचे नाव त्यावर असेलच असे नाही. नवरा गेल्यावर हीच बाई दिरांच्या सहीसाठी फिरते. शहरात असलेल्या भावाला गावच्या घराची पट्टी भरायची इच्छा असते, पण मिळकत क्रमांक माहीत नाही आणि नाव आजोबांचे, मग तो शोधणार काय? मोबाइलवर घरपट्टी भरण्याची सोय झाली, क्यूआर कोड लागले, ते चांगलेच झाले. पण त्या सोयीने फक्त पैसे जातात. आकडा कशावरून आला, ते त्यात कळत नाही. न कळलेला आकडा घरबसल्या भरता आला म्हणून तो बरोबर होत नाही.

याच राज्यात जमिनीचे कागद किती मोकळे झाले ते बघा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मोबाइलवर निघतो. गट नंबर टाकला की कुणाचाही सातबारा समोर येतो, क्षेत्र, आकार, बोजा, फेरफार सगळे त्यावर असते, आणि त्याने कुणाचे नुकसान झाले नाही. उलट चुका लवकर सापडू लागल्या. शेतकऱ्याच्या दोन गुंठ्यांचा हिशेब जगाला दिसतो, तर गावठाणातल्या घराच्या आकारणीचा हिशेब दप्तरात बंद का राहावा? आकारणीची यादी नियमाप्रमाणे फलकावर लावायचीच असते. म्हणजे ती गुप्त नाही. फक्त ती लोकांना दिसेल अशा जागी नसते, आणि दिसली तरी कळेल अशी नसते.

गावठाणाची मोजणीही झाली आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून ड्रोनने गावठाण मोजायला आपल्या राज्याने सुरुवात केली, आणि २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेतून ती पुढे देशभर गेली. आमच्याकडे लोकांनी या मोजणीनंतर मिळालेल्या सनदा, म्हणजे घराच्या जागेच्या मालकीचे कागद, आनंदाने घेतल्या, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या. पण सनदेवरचे क्षेत्र एक आणि नमुना ८ वरचे दुसरे, असे कागद एकाच फायलीत माझ्याकडे येतात. एकाची मोजणी भूमी अभिलेख खात्याची, दुसऱ्याची कधीकाळी फुटांच्या टेपने केलेली, आणि रेडीरेकनरचा दर तर चौरस मीटरचा. यातले कोणते क्षेत्र करासाठी धरायचे, हे लोक विचारतात. ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तसा स्पष्ट आदेश आमच्याकडे नाही. तो आदेश आपणच देऊ शकता.

हरकतीची वाट कायद्यात आहे. यादी प्रसिद्ध झाली की हरकत घ्यायची, निकाल पटला नाही तर पंचायत समितीकडे अपील, त्यावर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. पण २०२२ मध्ये मुदती संपल्यावर बहुतेक ठिकाणी या संस्थांवर प्रशासक बसले. लोकांनी निवडून दिलेल्यांपुढे मांडायचे गाऱ्हाणे त्या काळात अधिकाऱ्यापुढेच मांडावे लागले. आणि खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. हरकत घ्यायला काय चुकले ते कळावे लागते. आजोबांना 'घसारा' हा शब्द त्यांच्या उताऱ्यावर छापलेला आहे, हेच मी सांगेपर्यंत माहीत नव्हते.

थकबाकीत सवलत देऊन हा प्रश्न सुटणार नाही. समृद्ध पंचायतराज अभियानात जुन्या बाकीत ५० टक्के सूट देण्याची मुभा ग्रामपंचायतींना मिळाली, त्याने तिजोरीत काही पैसा आला असेल. पण वेळेवर भरणाऱ्या बायका माझ्या दुकानात येऊन म्हणाल्या, आम्ही दरवर्षी पहिल्या तिमाहीत भरतो, आमचे काय? ज्याची आकारणी मुळात चुकीची होती, त्याची चूकही सवलतीने दुरुस्त झाली नाही, निम्मी माफ झाली आणि पुढच्या वर्षी पुन्हा पूर्ण लागली.

स्वतःच्या उत्पन्नातूनच ग्रामपंचायत १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी राखते. घरपट्टी कमी आली की आधी हेच खर्च आटतात. म्हणून ही पट्टी पूर्ण वसूल व्हावी, ही माझीही इच्छा आहे.

त्यासाठी एक आदेश काढा. प्रत्येक ग्रामपंचायतीचा नमुना ८ सातबाऱ्यासारखा मिळकत क्रमांकाने आणि नावाने शोधता येईल असा खुला करा, आणि त्यात नुसता एकूण कर नको, बांधकामाचा प्रकार, वर्ष, क्षेत्रफळ, रेडीरेकनरचा दर, घसारा, भारांक आणि त्यावरून निघालेले मूल्य, सगळे रकाने दिसू द्या. दर चार वर्षांची फेरआकारणी कायम करण्याआधी प्रत्येक घराला हीच माहिती साध्या मराठीत एका चिठ्ठीवर द्या, तिची पोच घ्या, आणि यादी ग्रामसभेत गल्लीवार वाचून दाखवा. वर्षाचा रकाना रिकामा असेल तर आकारणी पुढे जाऊ देऊ नका. सनदेचे क्षेत्र आणि नमुना ८ चे क्षेत्र जुळत नसेल तर कोणते धरायचे ते लेखी कळवा. घरपट्टीच्या बाकीसाठी जन्माचा दाखला अडवू नये, हे परिपत्रकाने एकदा स्पष्ट सांगा.

सगळ्या गावांत एकाच वर्षी हे होणार नाही, याची मला कल्पना आहे. ज्या गावांची फेरआकारणी येत्या वर्षी आहे, तिथून सुरुवात करा. आमच्या गावाची आकारणी येत्या वर्षीच आहे. मोजमापाला माणसे कमी पडत असतील तर बचत गटाच्या मुली टेप धरायला तयार आहेत, मी त्यांना विचारले आहे.

कळावे,

आपली,
एक झेरॉक्स दुकानदार आणि घरपट्टी भरणारी गावकरी,
जिल्हा सोलापूर