सही करण्यापूर्वी: घोडेगावच्या मित्रास पत्र

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. आमच्या आयुर्वेदिक औषधांच्या कंपनीने तुला पाठवलेली पुरवठादारांची आचारसंहिता, म्हणजे कंपनीला माल देणाऱ्याने पाळायच्या नियमांची पुस्तिका, अठ्ठावीस पानांची आहे, ती सगळी इंग्रजीत आहे, आणि 'शेवटच्या पानावर सही-शिक्का मारून परत पाठवा, बाकीचे वाचले नाहीत तरी चालेल' असे खरेदी विभागातल्या मुलाने तुला फोनवर सांगितले, हे वाचून मला आधी हसू आले आणि मग लाज वाटली. हिरड्याची पूड करून विकणाऱ्या माणसाकडून वेठबिगारी, लाचलुचपत, बालमजुरी आणि सांडपाणी या विषयांवर हमी कशासाठी हवी, असे तू विचारतोस. त्याचे उत्तर मी सविस्तर देतो. पण त्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. तू माझा वसतिगृहातला मित्र आहेस, हे मी कंपनीला लेखी कळवले आहे. त्यामुळे तुझ्या युनिटच्या तपासणीला मी येणार नाही आणि तुझ्या दराच्या बोलणीतही मी बसणार नाही. या पत्राची एक प्रत तुझ्या फाइलला लावणार आहे; म्हणून सोळा नंबरच्या खोलीतल्या जुन्या भानगडींचा यात उल्लेख सापडला नाही, तर राग मानू नकोस.

मंडईत माणूस वांगे घेताना देठ बघतो, दाबून पाहतो, किडके वाटले तर परत टाकतो. त्रिफळा चूर्णाची डबी घेणाऱ्याला यातले काहीच करता येत नाही. चूर्णात हिरडा किती, तो कुठला, कधीचा आणि कुणी कसा वाळवलेला, हे त्याला कळायला मार्ग नाही. डबीवरच्या नावावर विश्वास ठेवून तो ते पोटात घेतो, आणि बहुतेक वेळा आजारी असतो म्हणूनच घेतो. त्याच्या वतीने वांगे दाबून पाहण्याचे काम आमचे आहे, आणि आमच्याही आधी ते तुझे आहे.

आपण कॉलेजात होतो तेव्हा मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले ग्लिसरीन प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले होते, ते तुला आठवत असेल. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब कमी व्हावा म्हणून ज्यांना ग्लिसरीन पाजले, त्यांतले १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन गेले. औषधी दर्जाचे म्हणून आलेले ते ग्लिसरीन औद्योगिक वापराचे होते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होते. हा पदार्थ दिसायला ग्लिसरीनसारखाच दाट, चवीलाही गोड आणि किमतीला स्वस्त असतो. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा आयोगाचा रोख केवळ माल विकणाऱ्यांवर राहिला नाही. रुग्णालयातली खरेदी, औषध प्रशासन आणि थेट मंत्र्यांपर्यंत तो गेला, आणि आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. आमच्या धंद्यात आल्यावर मी तो तपशील पुन्हा वाचला, तेव्हा मला विषापेक्षा कागदांची अधिक भीती वाटली, कारण ते विष वॉर्डापर्यंत परवाने, निविदा आणि पावत्या यांच्या सोबतीनेच पोचले होते.

वीस वर्षांनी पनामात तेच घडले. चीनमधल्या कारखान्यातून निघालेली पिंपे स्पेनमधल्या व्यापाऱ्यामार्फत पनामाला पोचली. वाटेत व्यापाऱ्यांनी आधीच्याचे नाव गाळून विश्लेषणाचे प्रमाणपत्र नव्याने टंकले, शुद्धता ९९.५ टक्के हा आकडा मात्र एका कागदावरून दुसऱ्यावर सुखरूप उतरत राहिला. २००६ साली त्या मालापासून तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत खोकल्याचे औषध तयार झाले आणि ते पिणारी शंभराहून अधिक माणसे दगावली. तुझ्या हातातल्या आचारसंहितेत 'मालाचा उगम लपवू नये, मूळ उत्पादकाचे नाव बदलू नये' असे नवव्या पानावर जे एक कोरडे वाक्य आहे, त्याच्यामागे हा इतिहास आहे. तू ओतूरच्या व्यापाऱ्याकडून चार गोणी उचलल्यास आणि घोडेगावच्या नावाने आम्हाला दिल्यास, तर कदाचित कुणाचेही काही बिघडणार नाही. पण त्या चार गोण्यांत काही निघाले, तर ते कुठून आले हे शोधायला आम्हाला वाट उरणार नाही.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. ती मी आजवर फार कुणाला सांगितलेली नाही. मी खरेदी विभागात होतो, तेव्हाच्या एका कंपनीत अश्वगंधेच्या मुळाच्या पुडीचा दर मी एका पुरवठादाराकडून इतका खाली आणला की वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. पूड आली, प्रयोगशाळेत विथॅनोलाइडचे, म्हणजे अश्वगंधेतल्या गुणकारी घटकांचे, प्रमाण तपासले, ते अपेक्षेपेक्षाही चांगले निघाले आणि माल पास झाला. नव्यानेच लागलेल्या एका मुलीने, काम नव्हते म्हणून असेल, चिमूटभर पूड सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मला बोलावून विचारले, "सर, मुळाला पर्णरंध्रे कशी?" मी डोळा लावून पाहिले. दोन फुगीर पेशी समोरासमोर आणि मध्ये फट, अशी पानाच्या सालीवर असतात ती छिद्रे तिथे स्वच्छ दिसत होती. मुळात पाला दळून मिसळला होता. पाल्यातही विथॅनोलाइड असतात, त्यामुळे आकडा भरतो. औषधांचे दर्जे ठरवणाऱ्या सरकारी औषधसंहितेने मात्र मूळच सांगितले आहे, आणि पुढे २०२१ मध्ये आयुष मंत्रालयानेही उत्पादकांना पाने वापरू नका असे कळवले. त्या पुरवठादाराला आम्ही काळ्या यादीत टाकले. निरोप द्यायला मीच गेलो होतो. तो एवढेच म्हणाला, "साहेब, तुम्ही दिलेल्या भावात मूळ येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होते." मला ते खरोखरच ठाऊक होते. त्याने केले ते समर्थनीय नव्हते, हे मी आजही म्हणतो. पण त्या लबाडीतला निम्मा वाटा माझा होता आणि काळ्या यादीत माझे नाव नव्हते.

तेव्हापासून मी पुरवठादाराची आचारसंहिता वाचतो, ती दोन्ही बाजूंनी. तूही तशीच वाच.

तुझ्या मालाला लागू पडणारी कलमे मोजकीच आहेत. पहिले कलम हिरड्याच्या उगमाचे. भीमाशंकरचे जंगल १९८५ पासून अभयारण्य आहे. त्यामुळे तुझ्याकडे येणारा बाळहिरडा, म्हणजे कोवळेपणीच तोडलेला हिरडा, लोकांच्या मालकीच्या बांधावरचा, वनहक्काच्या क्षेत्रातला की अभयारण्याच्या गाभ्यातला, हे तुला गोणीगणिक सांगता आले पाहिजे. वाडीचे नाव, गोळा करणाऱ्याचे नाव, तारीख आणि वजन एवढे चार रकाने असलेली साधी वही पुरेल. जैवविविधता कायद्याखालचा लाभवाटा, म्हणजे रानातली वनस्पती वापरल्याबद्दल द्यायचा हिस्सा, कुणी भरायचा, यावरून कंपन्या आणि राज्यांची जैवविविधता मंडळे यांच्यात बरेच वाद झाले. उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये भारतीय कंपनीही त्यातून सुटत नाही असा निकाल दिला, आणि २०२३ च्या दुरुस्तीने पुन्हा काही सवलती आल्या. तो भाग आमचा आहे. पण तुझी वही नसेल तर आम्हाला तोही नीट भरता येत नाही.

हे सगळे पुस्तकी वाटत असेल, तर तुझ्याच डोंगरातले उदाहरण घे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने भीमाशंकरकडचा हिरडा आणि संगमेश्वरकडचा बेहडा यांसाठी फेअरवाइल्ड हे रानातल्या वनस्पतींचे प्रमाणपत्र मिळवण्याचे काम केले आणि ब्रिटनमधल्या पुक्का या वनौषधी चहाच्या कंपनीने तो माल घेतला. त्या मानकात झाडे मोजून किती फळ काढायचे ते ठरवतात, फांदी न मोडता तोडणी शिकवतात, काही फळ झाडावरच ठेवतात, गोळा करणाऱ्याला ठरलेला भाव देतात आणि शिवाय गावासाठी निधी बाजूला काढतात. संगमेश्वरचे म्हातारे बेहडे तर धनेशाच्या ढोलीचे झाड; मादी स्वतःला आत लिंपून घेते आणि नर तिला बाहेरून फळे भरवतो. लाकडापेक्षा फळाचे पैसे अधिक मिळू लागले की ते झाड उभे राहते. एखाद्या चहाच्या पुडीमागे इतके असू शकते, हे मला तिथल्या कामाबद्दल वाचेपर्यंत माहीत नव्हते.

बालमजुरीच्या कलमाने तू घाबरला आहेस. हिरड्याचा हंगाम उन्हाळी सुटीत येतो आणि वाडीतली पोरे आईबरोबर पहाटे फळे वेचायला जातात, हे तू आणि मी दोघेही जाणतो. १९८६ च्या कायद्यात २०१६ साली जी दुरुस्ती झाली, तिने चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवणे सरसकट बंद केले, मात्र शाळेच्या वेळेबाहेर किंवा सुटीत, धोक्याचे नसलेल्या घरच्या कामात आईवडिलांना मदत करण्याला सूट ठेवली. तेव्हा आईच्या शेजारी बसून वाळवण निवडणारे पोर आणि तुझ्या चक्कीवर रोजंदारीने गोणी ओढणारे पोर यांत कायदाही फरक करतो आणि तपासणी करणाऱ्यानेही तो केला पाहिजे. तपासणीच्या दिवशी पोरांना घरात कोंडून ठेवू नकोस; आहे ते सांग. झाडावर चढवणे मात्र सुटीतही नको, कारण हिरड्याचे झाड उंच असते आणि घसरून पडलेल्यांची नावे तुझ्याच पत्रांतून मला कळत आली आहेत.

वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का असू दे, आणि 'ओलावा आहे' म्हणून गोणीमागे दोन किलो कापण्याची तालुक्यातली जुनी चाल सोडून दे. ओलावा मोजायचे यंत्र घे आणि वेचणाऱ्या बाईच्या समोर मोज. उचल देऊन पुढचा हंगाम बांधून घेण्याला आचारसंहितेत जो शब्द आहे, तो वेठबिगारीचाच आहे. तुला हे जड वाटेल, कारण तुझ्या वडिलांनी उचल दिली ती पुष्कळदा आजारपणात आणि लग्नकार्यात, आपुलकीने दिली. तरीही ती वहीवर लिहून दे, तिच्यावर व्याज लावू नकोस आणि फेडेपर्यंत माल दुसरीकडे घालायला मनाई करू नकोस. चक्कीवरच्या बायकांना किमान वेतन, पट्ट्यावर जाळी आणि धुरळा ओढणारी पिशवी, इतके तर तू करतोसच, असे मी धरून चालतो. नसल्यास सही करण्यापूर्वी कर.

आता दुसरी बाजू. आचारसंहितेत पुरवठादाराची कर्तव्ये अठ्ठावीस पाने आहेत आणि खरेदीदाराची साडेतीन ओळी. तू सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेला आहेस. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत तुझे पैसे मिळालेच पाहिजेत, न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तुझी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, उत्पादक म्हणून आहे ना, ते एकदा पाहून घे, कारण निव्वळ व्यापाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही. आमचे पैसे नव्वद दिवसांनी आले, तर तू वाडीवर रोख भाव कुठून देणार, हा प्रश्न बैठकीत मी दोनदा विचारला आहे आणि दोन्ही वेळा चहा आला. तसेच वर्षाची मागणी हंगामाआधी कळवणे, ठरलेला दर मध्येच न पाडणे आणि तपासणीचा खर्च तुझ्या बिलातून न कापणे, ही तीन वाक्ये तू परिशिष्ट म्हणून जोड आणि मगच सही कर. खरेदी विभाग कुरकुर करील. त्या मुलाला सांग की जी कलमे आज माझ्या गोदामात दाखवता येतात त्यांच्यापुढे 'मान्य', आणि जी येत नाहीत त्यांच्यापुढे 'अमुक महिन्यापर्यंत करीन' असे मी लिहिणार आहे. सगळीकडे 'मान्य' लिहून आलेल्या फाइलकडे मी तरी संशयानेच पाहतो. मराठी प्रत तुला आठवडाभरात मिळेल. ती करून घेण्याचे मी इथे मान्य करून घेतले आहे.

राहता राहिली तुझी इंद्रायणीची गोणी. दिवाळीत तू वीस किलो तांदूळ घरी पाठवलास, तेव्हा तू आमचा पुरवठादार नव्हतास आणि आम्ही तो आनंदाने खाल्ला. यंदाही तू पाठवलास, आणि भेटवस्तूंविषयीचे कलम तुझ्याइतकेच मलाही बांधते, म्हणून मी तो कार्यालयात नोंदवला आणि बाजारभावाने त्याचे पैसे तुझ्या खात्यावर जमा केले आहेत. हिने मला दोन दिवस बोलून घेतले. वहिनीही रागावतील, हे ठाऊक आहे. तुझी तपासणी पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आहे आणि दुसरेच कोणी येणार आहे. त्यांना चहाखेरीज काही देऊ नकोस. त्यांचा अहवाल दाखल झाला की मी एसटीने येईन, रजा टाकून, आणि तुझ्याकडे भात जेवीन. पैसे देणार नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सोळा नंबरचा सोबती