काका, हे पत्र तुमच्या त्या मुठीतल्या डबीसाठी

प्रिय काका,

तुम्हाला असं उघड्यावर लिहिलेलं आवडणार नाही माहितीये, म्हणून नाव नाही टाकत, पण फोनवर मी आभार मानायला लागलो की तुम्ही लगेच "जेवलास का" विचारता आणि विषयच संपतो, म्हणून इथे लिहितोय, सगळ्यांना वाचू दे.

मी फ्लिपर झिरो घेतला, म्हणजे रिमोट, कार्ड, चाव्या यांचे सिग्नल वाचणारी आणि पाठवणारी ती मुठीतली डबी, तेव्हा मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. व्हिडिओ बघितले होते, पोरं कुठेही जाऊन दुसऱ्यांचे टीव्ही बंद करतायत वगैरे, आणि ते बघूनच घेतला, खरं सांगतो. जेमतेम १०० ग्रॅमचं पांढरं खेळणं, नारिंगी स्क्रीन, त्यात एक चित्रातला डॉल्फिन. इथे कॅनडात मिसिसागाला लायब्ररीच्या मेकरस्पेसमध्ये, म्हणजे हाताने काहीबाही बनवायच्या खोलीत, शनिवारी काही लोक हेच घेऊन बसतात असं कळलं म्हणून आलो, आणि कोपऱ्यात तुम्ही बसला होतात, डोळ्यांवर भिंग लावून सोल्डरिंग करत, आणि माझं आडनाव ऐकून पहिलं वाक्य मराठीत, "बस, काय काय करता येतं ते बघितलंयस, आता ते कसं होतं ते बघू."

तुम्ही २०२० सालच्या किकस्टार्टरवाले, म्हणजे वस्तू बनण्याआधीच इंटरनेटवर पैसे भरणारे. फ्लिपर बनवणाऱ्या लोकांनी ६० हजार डॉलर मागितले होते आणि ४८ लाखांहून जास्त जमले, ३७,९८७ लोकांनी पैसे भरले, त्यातले एक तुम्ही, आणि डबी हातात यायला २०२२ उजाडलं तरी कुरकुर नाही. मुंबईत वायरलेस सेट दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एवढ्याशा डबीत १ गिगाहर्ट्झच्या खालचा रेडिओ, इन्फ्रारेड, १२५ किलोहर्ट्झचं कार्ड वाचणं आणि एनएफसी (टेकवून पैसे भरायच्या कार्डात असतं ते) सगळं एकत्र बघून किती आनंद झाला असेल ते मला आत्ता आत्ता कळायला लागलंय.

पहिली गोष्ट गाडीच्या चावीची. मला अधिकृत सोडून दुसरं फर्मवेअर, म्हणजे डबी चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायचं होतं, कारण अधिकृत फर्मवेअर गाडीचा सिग्नल सेव्ह करू देत नाही आणि मला वाटलं आपलीच गाडी आहे, आपलीच चावी आहे, काय हरकत आहे. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. कागद घेतलात, एका बाजूला चावी काढली, एका बाजूला गाडी, आणि दोघांसमोर आकडे लिहीत गेलात, ५१, ५२, ५३. चावी दर वेळी पुढचा नंबर पाठवते, गाडी आपल्या नंबरच्या पुढचाच घेते, मागचा घेत नाही. मग म्हणालात, आता डबीने चावीचा सिग्नल पकडला, आणि पुढचे नंबर स्वतःच बनवून गाडीला पाठवले, तर गाडी पुढे गेली आणि चावी मागे राहिली, असं करत बसलास तर एक दिवस खरी चावीच चालणार नाही. तो कागद माझ्याकडे आहे अजून. या बदलत्या नंबरांना रोलिंग कोड म्हणतात, त्यावर मी नंतर बरंच वाचलं पण तुमच्या ५१, ५२ इतकं सोपं कुणी सांगितलं नाही.

आणि ती मांजर! एक बाई पिंजऱ्यात घेऊन आल्या होत्या, मांजरीच्या खांद्यात ओळखीची चिप आहे म्हणाल्या, मी लगेच डबी घेऊन पुढे, तर तुम्ही हात धरलात आणि आधी बाईंना विचारलंत, वाचू का. मग त्यांनी मांजर मांडीवर घेतली, मी फ्लिपरची पाठ हळूहळू तिच्या मानेजवळ फिरवली, दोन-तीनदा काहीच नाही, आणि मग एकदम थरथरला आणि स्क्रीनवर १५ आकडी नंबर. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हापासून दुसऱ्याच्या कुठल्याही कार्डाला, गेटला, रिमोटला मी न विचारता हात लावलेला नाही.

अपडेटच्या रात्रीचं तर काय सांगू. बॅटरी संपत आलेली, मी तशीच अपडेटला लावली आणि मध्येच स्क्रीन काळी. रात्री साडेअकराला तुम्हाला फोन केला, लाज वाटत होती. तुम्ही झोपेतून उठून सांगत होतात, चार्जिंगला लाव, थांब, आता डावं आणि बॅक एकत्र दाबून धर, आता बॅक सोड, डावं सोडू नकोस, निळा दिवा लागेपर्यंत सोडू नकोस. लागला. मग कॉम्प्युटरवर क्यूफ्लिपर हा फ्लिपरचा प्रोग्रॅम उघडून रिपेअर, आणि डॉल्फिन परत. फाइली सगळ्या एसडी कार्डावर होत्या त्यामुळे एकही गेली नाही. फोन ठेवताना तुम्ही एवढंच विचारलंत, कार्ड चांगल्या कंपनीचं आहे ना, स्वस्तातलं वापरू नकोस.

पण खरं पत्र लिहायचं कारण म्हणजे फेब्रुवारी २०२४. ओटावात गाडीचोरीवर परिषद झाली, कॅनडात वर्षाला ९० हजार गाड्या चोरीला जातात म्हणे, आणि उद्योगमंत्र्यांनी जाहीर केलं की फ्लिपर झिरोसारख्या उपकरणांवर बंदी आणणार. मी घाबरलो होतो काका. माझे इथले कागद तेव्हा पूर्ण झालेले नव्हते, बायको म्हणत होती टाकून दे ते, आणि मी खरंच कचऱ्यात टाकणार होतो. तुम्ही घरी आलात. चहा घेतलात आणि बायकोलाच समजावून सांगितलंत, मला नाही. की चोर दोघं असतात, एक अँटेना घेऊन घराच्या दाराशी, दुसरा गाडीशी, आणि घरातल्या चावीचा सिग्नल लांबवून गाडीला फसवतात, त्याला वेगळी यंत्रं लागतात, या डबीच्या आवाक्यातलं ते काम नाही. मग आपण तिघांनी बसून खासदाराला पत्र लिहिलं, तुम्ही माझ्याकडून चार वेळा खोडून घेतलंत, राग काढून टाक, माहिती ठेव. मार्चमध्ये सरकारने सूर बदलला, सरसकट बंदीऐवजी योग्य कारणासाठी वापरणाऱ्यांपुरतं ठेवू म्हणाले. अनेकांनी आवाज उठवला होता, आपल्या पत्राने झालं असं मी म्हणणार नाही, पण ते पत्र लिहिल्यामुळे मी रात्री झोपू शकलो.

त्याच थंडीत आई सांगलीहून आली होती. बेसमेंटमधल्या भिंतीवरच्या हीट पंपचा, म्हणजे खोली गरमही करणाऱ्या एसीचा, रिमोट मेलेला, आणि कुठे मिळत नव्हता. तुम्ही म्हणालात एसीवाले रिमोट एकेक बटण पाठवत नाहीत, अख्खी सेटिंग एका दमात पाठवतात, त्यामुळे 'वाढव' असं बटण पकडून उपयोग नाही, प्रत्येक तापमान वेगळं पकडावं लागेल. लोकांनी जगभरातून जमवलेल्या रिमोटच्या फाइलींमध्ये आपलं मॉडेल सापडलं नाही, तर तुम्ही बर्फातून तुमच्या मित्राकडे गेलात कारण त्याच्याकडे तोच हीट पंप होता, आणि एकेक सिग्नल पकडून आणलात. नावं इंग्रजी अक्षरांत पण मराठी, 'गरम २२', 'गरम २४', 'बंद'. आई त्या डॉल्फिनला मासा म्हणायची. "मासा दे रे, थंडी वाजतेय." सहा महिने तिने दुसरं कुठलं मशीन इतक्या हक्काने वापरलं नाही.

ती फाइल मी नंतर नीट करून सगळ्यांच्या संग्रहात पाठवली. घेतली त्यांनी. तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

तुम्ही आता कॅलगरीला मुलीकडे गेलात, शनिवारी कोपऱ्यातल्या त्या टेबलावर आम्ही बसतो. आईचा काल फोन आला होता, काका कसे आहेत विचारत होती, आणि या दिवाळीला परत येतेय, तर मासा चार्ज करून ठेव म्हणाली. आणि हो, तुमचं भिंग आणि सोल्डरिंगचा डबा माझ्याकडेच राहिलाय, कुरियर करू का तुम्ही न्यायला येताय? या ना. आई असेल तेव्हाच या.

तुमचा,
मिसिसागाचा शनिवारवाला